चेहऱ्याच्या अनेक शस्त्रक्रिया : एकाच दिवशी की टप्प्याटप्प्याने?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत रक्तदाब, मधुमेह आणि गुडघेदुखी यांचीच गर्दी असते. गेल्या महिन्यात मात्र एक वेगळे पत्र आले. लिहिणाऱ्या भगिनी पारलिंगी आहेत. म्हणजे जन्माच्या नोंदीत मुलगा, पण मनाने आणि आता राहणीनेही स्त्री. गेली चार वर्षे त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्त्री-संप्रेरके घेत आहेत. चेहऱ्याचा पुरुषी घाट बदलावा म्हणून त्या दोन शहरांतल्या दोन शल्यविशारदांना भेटल्या. एकाने सांगितले, कपाळ, नाक, जबडा, हनुवटी आणि कंठमणी असे सारे एकाच दिवशी करू, ९ तास लागतील. दुसऱ्याने सांगितले, दोन टप्पे करू आणि मध्ये सहा महिने जाऊ देऊ. घरी आई म्हणते, लग्नातच मुंज उरकतात तसे एकदाच काय ते होऊन जाऊ दे. नोकरीतून रजा मिळते ती जेमतेम तीन आठवड्यांची. "दोघांपैकी कोणाचे ऐकू?" असा त्यांचा प्रश्न आहे.

मी शल्यविशारद नाही, भूलतज्ज्ञ आहे. एरवी आमची जागा रुग्णाच्या उशाशी. चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेत ती शल्यविशारदाला द्यावी लागते आणि आम्ही पायथ्याशी जाऊन बसतो. तिथे बसून घड्याळाकडे, मॉनिटरकडे आणि रक्त शोषणाऱ्या बाटलीकडे पाहण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्यामुळे माझे उत्तर थोडे पायथ्याकडून आलेले आहे, असे समजावे.

आधी मुळात हा खटाटोप कशासाठी, हे इतर वाचकांना सांगायला हवे. वयात येताना टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकामुळे भुवयांवरचे हाड पुढे येते, जबड्याचे कोन रुंद होतात, हनुवटी उंच व चौकोनी होते, गळ्यातली कूर्चा टोकदार होऊन कंठमणी दिसू लागतो. पुढे स्त्री-संप्रेरके घेतली तर त्वचा मऊ होते, गालांवरची चरबी थोडी बदलते. पण एकदा वाढलेले हाड मागे जात नाही. ते शस्त्रक्रियेनेच बदलावे लागते. "हे नसते लाड" असे काहींना वाटेल. बसस्थानकावर, बँकेच्या खिडकीशी, भाड्याची खोली विचारताना माणूस आधी चेहराच पाहतो, आणि तो पाहून कोणी हसते, कोणी अंगावर येते. ज्यांना हे रोज सोसावे लागते त्यांच्याशी लाड या शब्दावरून मी तरी वाद घालणार नाही.

या शस्त्रक्रियांना फार जुना इतिहास नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस औस्टरहाउट हे कवटी आणि चेहऱ्याच्या हाडांचे शल्यविशारद होते. १९८२ मध्ये एका सहकाऱ्याने पाठवलेल्या रुग्णासाठी त्यांनी हे काम हाती घेतले. स्त्री आणि पुरुष यांच्या कवट्यांत नेमका फरक कोठे असतो, हे त्यांनी कवट्यांच्या जुन्या संग्रहावर बसून मोजून काढले आणि १९८७ मध्ये कपाळाच्या शस्त्रक्रियेवर आपला लेख प्रसिद्ध केला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की पाया मोजमापाचा आहे. आजही चांगला शल्यविशारद सीटी स्कॅन पाहिल्याशिवाय कपाळाबद्दल शब्द देत नाही. भुवयांमागे हाडात हवेची पोकळी असते. तिची पुढची भिंत जाड असली किंवा पोकळीच नसली तर नुसते घासून भागते. भिंत पातळ असली तर ती काढून, तिला आकार देऊन, मागे बसवून टायटॅनियमच्या बारीक पट्ट्यांनी पक्की करावी लागते. दोन्ही कामांच्या वेळेत आणि जोखमीत पुष्कळ अंतर आहे. म्हणून "कपाळ करायचे" एवढ्या शब्दांवर तासांचा हिशेब होत नाही.

आता मुख्य प्रश्न. यादीत पाच नावे आहेत म्हणून पाच शस्त्रक्रिया, असे मोजू नये. चिरे किती, ते मोजावे. कपाळाचे हाड, भुवया वर उचलणे आणि केसांची रेषा पुढे आणणे ही तिन्ही कामे डोक्यावरच्या एकाच चिऱ्यातून होतात. ती वेगवेगळ्या दिवशी करणे म्हणजे एकच भिंत तीनदा फोडणे. जबड्याचे कोन आणि हनुवटी यांचे चिरे तोंडाच्या आत, हिरड्यांजवळ असतात. तीही जोडी सोडवू नये, कारण हनुवटी अरुंद केली आणि कोन तसेच राहिले तर चेहरा विचित्र दिसतो, आणि दुसऱ्या वेळी त्याच जागी तयार झालेल्या व्रणातून जाताना खालच्या ओठाला संवेदना देणारी नस सांभाळणे अधिक अवघड होते. कंठमण्याचे काम सर्वांत लहान. ते कोणत्याही टप्प्यात बसते.

कपाळ आणि नाक यांचे नाते वेगळे आहे. चिरे निराळे, पण रेषा एक. कपाळ मागे गेले की नाकाचा वरचा भाग, दोन भुवयांमधला, आपोआप अधिक उंच दिसू लागतो. नाक आधी करून कपाळ नंतर केले तर आधीचे माप चुकते. म्हणून ही दोन एकत्र करण्याकडे शल्यविशारदांचा कल असतो आणि तो मला पटतो. वेगळी करायचीच झाली तर कपाळ आधी, नाक नंतर.

काही गोष्टी मात्र एका मांडवात बसत नाहीत. पहिली आवाजाची शस्त्रक्रिया. कंठमणी तासल्याने आवाज बारीक होतो असा अनेकांचा समज आहे. तो होत नाही. उलट कूर्चा गरजेपेक्षा जास्त तासली गेली तर स्वरतंतूंची पुढची जोडणी सैल होऊन आवाज बिघडू शकतो. आवाज उंच करण्याची शस्त्रक्रिया वेगळी, स्वरतंतूंवरच टाके घालण्याची. ती झाल्यावर काही दिवस बोलायचे नसते आणि त्या ताज्या टाक्यांमधून भुलेची नळी जाऊ द्यायची नसते. म्हणून नळी घालावी लागणारी बाकीची कामे आधी, आवाज शेवटी, असा क्रम धरावा. दुसरी गोष्ट चेहऱ्याची कातडी ताणून घेणे. हाड कमी झाले की वरची कातडी किती सैल पडते, हे सूज उतरल्यावरच कळते. चाळिशीपुढच्या व्यक्तींना याची गरज पडू शकते, पण ती आधीच गृहीत धरून त्याच दिवशी उरकू नये. तिसरी, वरचा ओठ आखूड करणे. त्याचा चिरा नाकाच्या बुडाशी असतो. नाकही बाहेरून उघडायचे असेल तर दोन चिऱ्यांमधल्या चिंचोळ्या कातडीचा रक्तपुरवठा कमी पडेल, म्हणून काहीजण ही दोन कामे एका दिवशी करीत नाहीत. काहीजण करतात. आपल्या शल्यविशारदाला याचे कारण विचारावे. उत्तर कसे देतात त्यावरूनही बरेच समजते.

नळीचा आणि तासांचा हिशेब

माझ्या विषयाकडे येतो. पूर्ण भूल दिली की श्वासासाठी श्वासनलिकेत नळी घालावी लागते. ही नळी नाकातून घातली तर नाकाचे काम करता येत नाही. तोंडातून घातली तर जबड्याचे काम करणाऱ्याच्या हाताला ती आडवी येते. दोन्ही कामे एकत्र असली की तोंडातली नळी मधोमध दातांशी बांधून, या गालाकडून त्या गालाकडे हलवत काम चालते, किंवा मध्येच नळी बदलावी लागते. हे रोज करणाऱ्या चमूला जमते. वर्षातून एकदा करणाऱ्या चमूला जमेलच असे नाही. म्हणून एकत्र करायचे ठरवताना "तुम्ही अशा किती केल्या?" हा प्रश्न शल्यविशारदाइतकाच त्यांच्या भूलतज्ज्ञालाही विचारावा. आम्हाला कोणी काही विचारत नाही, ही आमची जुनी तक्रार आहे.

आजची भूल पूर्वीपेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे. निरोगी माणसाला ८-९ तास भूल देता येत नाही असे नाही, देता येते. पण लांब शस्त्रक्रिया ही छोट्या शस्त्रक्रियांची नुसती बेरीज नसते. टेबलावर निश्चल पडलेल्या माणसाच्या पोटऱ्यांतील रक्त मंदावते आणि गुठळी होण्याचा धोका तासागणिक वाढतो. ती गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते. शरीर गार पडते, आणि गार शरीरात रक्त नीट गोठत नाही. टाचांवर, डोक्याच्या मागे दाब येऊन कातडी काळी पडू शकते. यांवर उपाय आहेत : पायांना दाब देणाऱ्या पिशव्या, गरम हवेचे पांघरूण, टाचांखाली गाद्या, लघवीची नळी, डोळ्यांना मलम. रुग्णालयात हे सर्व आहे का, हे बिछान्याच्या भाड्याइतक्याच मोकळेपणाने विचारावे.

रक्तस्रावाचेही असेच. डोक्याची कातडी फार रक्ताळ असते. लहान मुलाला खोक पडली की घाबरवून सोडणारे रक्त कोठून येते, ते आयांना ठाऊक आहे. रक्तस्राव कमी करणारी औषधे आता आहेत, डोके उंच ठेवून आणि रक्तदाब बेताचा राखूनही पुष्कळ फरक पडतो. तरी कपाळ, नाक आणि जबडा यांचे रक्त एकाच दिवशी जाणार, हा हिशेब राहतोच. हिमोग्लोबिन १० असलेल्या व्यक्तीने आधी दोन-तीन महिने रक्त भरून काढावे आणि मग तारखेचे बोलावे.

दुसरे म्हणजे लांब शस्त्रक्रियेत हातही थकतात. शेवटच्या तासात हनुवटी कापणारा हात सकाळी कपाळ कापणाऱ्या हाताइतकाच ताजा असतो असे मी मानत नाही. दोन शल्यविशारद कामे वाटून घेणार असतील तर गोष्ट वेगळी.

संप्रेरकांविषयी दोन शब्द. स्त्री-संप्रेरकांनी, विशेषतः गोळ्यांच्या रूपात घेतलेल्या, रक्ताच्या गुठळीची शक्यता काही प्रमाणात वाढते. म्हणून पूर्वी शस्त्रक्रियेआधी काही आठवडे ती सरसकट बंद करीत. अलीकडे अनेक ठिकाणी सरसकट बंद न करता वय, वजन, धूम्रपान आणि शस्त्रक्रियेचे तास पाहून ठरवतात. गोळ्यांऐवजी कातडीवर लावायचे पॅच किंवा जेल देणे हाही एक मार्ग आहे. स्वतःच्या मनाने बंद करू नयेत आणि घेत असल्याचे लपवूही नये. काहीजणी स्पायरोनोलॅक्टोन घेतात. त्याने रक्तातले पोटॅशियम वाढू शकते आणि ते भुलेत आम्हाला महत्त्वाचे असते. औषधांची चिठ्ठी हरवली असेल तर रिकामी पाकिटे आणावीत.

आता आपल्याकडचे एक खास दुखणे सांगतो. गुटखा आणि तंबाखूजन्य मावा खाणाऱ्यांचे तोंड हळूहळू कमी उघडू लागते. गालांच्या आतल्या बाजूला दोरीसारखे पट्टे येतात. अशा तोंडात नळी घालणे अवघड आणि आतून जबड्याचे काम करणे त्याहून अवघड. जखमाही लवकर भरत नाहीत. आपल्या हाताची तीन बोटे उभी करून तोंडात जातात का, ते आरशासमोर पाहावे. जात नसतील तर ती गोष्ट पहिल्याच भेटीत सांगावी. विडी-सिगारेट किमान महिनाभर आधी बंद हवी, कारण डोक्याच्या आणि नाकाच्या कातडीचे रक्त तिने आटते. झोपेत मोठ्याने घोरणाऱ्या आणि मध्येच श्वास अडकणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत तर मी नाक आणि जबडा एका दिवशी करायला तयार होणार नाही. नाकात बोळे किंवा पट्ट्या, तोंडात सूज, आणि वर भुलेची गुंगी. रात्री श्वास घ्यायचा कोठून?

घरी आल्यावरचे तीन आठवडे

एकत्र करण्याचे मोठे फायदे आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. एक भूल, एक उपवास, एकदाच भीती. थिएटरचा खर्च, प्रवास, सोबतच्या माणसाची रजा, सारे एकदाच. आणखी एक फायदा खर्चाच्या कागदावर दिसत नाही. लहान गावात चेहरा अर्धा बदलून सहा महिने त्याच लोकांत वावरणे सोपे नसते; एकदाच बदललेला चेहरा घेऊन बाहेर पडणे काहींना सोयीचे वाटते. दुसरीकडे, काहींना आरशातला बदल हळूहळू पचवणे बरे वाटते. कपाळ आणि नाक झाल्यावर "आता एवढे पुरे, जबडा राहू दे" असे ठरवण्याची संधी टप्प्यांतच मिळते.

पण एकत्र केल्यानंतरचे पहिले आठ दिवस कसे जातात, हे जाहिरातीतल्या छायाचित्रांत नसते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वांत जास्त असते. कपाळाची सूज उतरत उतरत डोळ्यांवर येते आणि दिवसभर डोळे जवळजवळ मिटतात. नाकावर पट्टी. तोंडात टाके, त्यामुळे पेज, ताक, वरणाचे पाणी एवढ्यावर भागवायचे आणि प्रत्येक वेळी चूळ भरायची. म्हणजे दिसत नाही, नाकाने श्वास नाही आणि खाता येत नाही, अशा स्थितीत शौचालयापर्यंत हात धरून नेणारे माणूस लागते. निव्वळ कपाळ-नाक किंवा निव्वळ जबडा-हनुवटी केली तर यातले निम्मेच सोसावे लागते. घरात असे माणूस आहे का? आईचे वय काय, तिला रात्री उठवते का? पत्रातल्या भगिनींना मी हे उलट टपाली विचारले आहे, कारण माझ्या मते त्यांचा निर्णय शस्त्रक्रियागृहापेक्षा या खोलीत जास्त ठरायचा आहे.

तीन आठवड्यांत बाहेर पडण्याजोगा चेहरा बहुधा होतो. पण ओळखीचे लोक "काय झाले?" विचारतील इतकी सूज राहते. टाळूची बधिरता काही महिने टिकू शकते, खालच्या ओठाचीही. नाकाचा खरा आकार दिसायला वर्षही लागते. मनाची तयारी या मुदतींची ठेवावी. पहिल्या महिन्यात अनेकजणी उदास होतात, "मी हे का केले" असे म्हणतात. त्या वेळी सुजलेल्या चेहऱ्यावरून निकाल लावू नये आणि घरच्यांनी तर मुळीच लावू नये.

पैशांचे थोडक्यात सांगतो. "पाच शस्त्रक्रियांचे एकत्रित पॅकेज" अशी जाहिरात असली तर प्रत्येक कामाची रक्कम वेगळी लिहून मागावी. अतिदक्षता विभागातली एक रात्र, रक्ताची पिशवी, पट्ट्या आणि सुधारणा करावी लागल्यास तिचा खर्च त्यात धरला आहे का, हेही लेखी घ्यावे. पॅकेजात आहे म्हणून नको असलेला ओठ किंवा गाल करून घेणे हा सवलतीत घेतलेला जादाचा सदरा नव्हे. तो परत करता येत नाही. पारलिंगी व्यक्तींसाठी आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा करार केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये केला होता. आपल्या रुग्णालयात त्यातून काय मिळते, चेहऱ्याची कोणती कामे बसतात, हे दाखल होण्याआधी तेथील योजना-कक्षातून लिहून घ्यावे.

माझे मत विचाराल तर असे. वय कमी, रक्त चांगले, तोंड पूर्ण उघडते, तंबाखू नाही, घरी दोन माणसे हाताशी, रुग्णालयात रात्रीची देखरेख आणि हे काम नेहमी करणारा चमू, इतके सर्व जुळत असेल तर एकत्र करायला हरकत नाही. यातले एक जरी लंगडे असेल तर दोन टप्पे : आधी डोके, कपाळ आणि नाक, मग साधारण सहा महिन्यांनी जबडा, हनुवटी आणि कंठमणी. दुसरी भूल म्हणजे दुप्पट धोका, असे समजून घाबरू नये. दोन बेताच्या भुला एका फार लांब भुलेपेक्षा शरीराला पुष्कळदा सोप्या जातात. ज्या शल्यविशारदाने तपासताना तोंड उघडायला सांगितले नाही, घरी कोण आहे ते विचारले नाही आणि तरी ९ तासांची तारीख दिली, त्याच्याकडून तारीख घेण्याआधी दुसरे मत जरूर घ्यावे.

शस्त्रक्रियेनंतर निदान दहा-बारा दिवस त्या शहरातच राहावे. रात्रीच्या गाडीत पाय दुमडून सहा-सात तास बसून गावी येणे या काळात बरे नव्हे. जेवढे जमेल तेवढे दुसऱ्या दिवसापासून चालावे, डोके उंच ठेवून झोपावे. गावी आल्यावर एकच पोटरी सुजून दुखू लागली, एकाएकी दम लागला, छातीत कळ आली, तोंडातून किंवा डोक्यातून ताजे रक्त थांबेना, किंवा नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव वाहू लागला, तर मोठ्या शहरातल्या डॉक्टरांचा फोन लागण्याची वाट पाहत बसू नये. जवळच्या रुग्णालयात तडक जावे आणि तेथील डॉक्टरांना शस्त्रक्रियेची तारीख, ती किती तास चालली आणि कोणती संप्रेरके चालू आहेत, या तीन गोष्टी आधी सांगाव्यात.